बीआरसीए-२ आणि रॅड-५१ : डीएनएच्या दुरुस्तीतील प्रथिनसंबंधांच्या शोधाचा इतिहास

१. प्रश्नाची मांडणी

स्तनाचा कर्करोग काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, ही गोष्ट वैद्यकाच्या दृष्टीस पडून दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अर्बुदांवरील ग्रंथात आपल्या पत्नीच्याच घराण्याची हकीकत दिली असून, तीत अनेक पिढ्यांतील स्त्रिया ह्या रोगाने दगावल्याची नोंद आहे. ही नोंद महत्त्वाची होती. परंतु तिचा अर्थ लावण्यास लागणारे साधन त्या काळी कोणापाशीही नव्हते. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील निबंध त्याच वर्षी छापला गेला, पण १९०० पर्यंत तो उपेक्षितच राहिला. म्हणजे प्रश्न आणि त्याच्या उत्तराची पहिली पायरी एकाच वर्षी पुढे आली, आणि दोहोंची गाठ मात्र पडली नाही.

ह्या प्रश्नाच्या इतिहासात हाच प्रकार पुढेही घडलेला दिसतो. एका बाजूस रोगी घराण्यांच्या वंशावळी जमविणारे संशोधक होते. दुसऱ्या बाजूस जंतू आणि यीस्ट यांच्यावर किरण सोडून त्यांतील काही मरतात व काही जगतात ते का, ह्याचा शोध घेणारे संशोधक होते. हे दोन प्रवाह कित्येक दशके एकमेकांपासून अलग वाहत राहिले. १९९७ मध्ये ते एकत्र आले, आणि त्यांस एकत्र आणणारा प्रश्न ‘हे प्रथिन काय करते?’ असा नसून ‘हे प्रथिन कोणास धरते?’ असा होता. प्रश्नाच्या स्वरूपातील हा पालट कसा घडून आला, आणि त्यातून कर्करोगाच्या उपचारास कोणते नवे साधन लाभले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२. दुरुस्तीच्या कल्पनेचा उगम

आनुवंशिक द्रव्य अत्यंत स्थिर असले पाहिजे, अशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्वसाधारण समजूत होती. ह्या समजुतीस पहिला मोठा धक्का १९२७ मध्ये बसला. त्या वर्षी हर्मन म्यूलर यांनी फळमाशीवर क्ष-किरण सोडून उत्परिवर्तनांचे प्रमाण अनेक पटींनी वाढविता येते असे दाखविले. तत्पूर्वी, १९१४ मध्ये, जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोवेरी यांनी कर्करोगाचे मूळ गुणसूत्रांच्या बिघाडात असावे असा तर्क मांडला होता. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या असता किरणांमुळे गुणसूत्रे बिघडतात व बिघडलेल्या गुणसूत्रांमुळे कर्करोग होतो असे अनुमान सहज निघते. मात्र बिघाड झाल्यावर पेशी स्वतः काही करते किंवा काय, हा प्रश्न त्या काळी कोणी फारसा विचारला नाही.

तो प्रश्न काहीशा योगायोगाने पुढे आला. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील ॲल्बर्ट केल्नर हे जंबुपार किरणांनी मारलेल्या सूक्ष्मजीवांपैकी काही पुन्हा वाढू लागतात ते का, याचा तपास करीत होते. प्रथम त्यांस हा तापमानाचा परिणाम वाटला; पण तापमान नेमके राखूनही फले जुळेनात. अखेरीस १९४९ मध्ये त्यांनी असे दाखविले की, साधा दृश्य प्रकाश पडल्यास जंबुपार किरणांची हानी भरून येते. त्याच वर्षी रेनातो दुल्बेको यांनी जंतुभक्षी विषाणूंत हाच प्रकार स्वतंत्रपणे नोंदविला. डीएनएची दुपेडी रचना १९५३ मध्ये उलगडण्यापूर्वीच, हानी कायमची नसून भरून येऊ शकते ही कल्पना अशा रीतीने मान्य होऊ लागली होती.

१९६४ मध्ये ओक रिज, येल आणि स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी प्रकाशाशिवाय चालणाऱ्या दुसऱ्या एका दुरुस्तीचा पुरावा दिला. तीत बिघडलेला तुकडा कापून काढला जातो व समोरच्या पेडावरून मोकळी जागा पुन्हा भरली जाते. चार वर्षांनी, १९६८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथील जेम्स क्लीव्हर यांनी झेरोडर्मा पिगमेंटोसम ह्या आनुवंशिक रोगाच्या पेशी तपासल्या. ह्या रोगात उन्हाने त्वचेवर कर्करोग उद्भवतात. क्लीव्हर यांना त्या पेशींत नेमकी हीच दुरुस्ती उणी पडलेली आढळली. दुरुस्तीतील उणीव आणि मानवी कर्करोग यांचा संबंध येथे प्रथमच प्रत्यक्ष दिसून आला. परंतु हा रोग अतिशय विरळ होता, आणि त्यावरून सामान्य कर्करोगांविषयी काही निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरले असते.

१९७० नंतरच्या दशकात टोमास लिंडाल यांनी स्टॉकहोम येथे केलेल्या कामाने ह्या विषयाचा आवाका वाढविला. डीएनए हे किरणांवाचूनही, केवळ पाण्याच्या सान्निध्यात, सतत झिजत असते हे त्यांनी मोजून दाखविले, आणि १९७४ मध्ये झिजलेला एक विशिष्ट घटक वेचून काढणारे विकर शोधले. दुरुस्ती ही क्वचित लागणारी सोय नसून जिवंत पेशीचे नित्यकर्म आहे, असा ह्या शोधाचा इत्यर्थ होता. लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ सँजार यांना ह्या क्षेत्रातील कार्याबद्दल २०१५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ह्याच काळातील आणखी एक धागा पुढील कथेसाठी महत्त्वाचा आहे. १९६५ मध्ये बर्कली येथील जॉन क्लार्क व त्यांच्या सहकारी ॲन मार्गुलीस यांनी जंतूंचे असे वाण वेगळे काढले की, ज्यांस दोन डीएनएंची अदलाबदल, म्हणजेच पुनःसंयोजन, करता येत नव्हते. हे वाण जंबुपार किरणांनी झपाट्याने मरत. पुनःसंयोजन आणि दुरुस्ती ह्या दोन क्रियांमागे एकच यंत्रणा असली पाहिजे, हे त्यावरून सूचित झाले. त्या यंत्रणेतील मुख्य प्रथिनास ‘रेक-ए’ असे नाव पडले. पुढे १९९२ मध्ये यीस्टमधील ‘रॅड-५१’ हे प्रथिन रेक-एचेच भाऊबंद असल्याचे जपानी व अन्य संशोधकांनी दाखविले, आणि लवकरच ते मानवी पेशींतही सापडले. परंतु रॅड-५१वर काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्तनाचा कर्करोग नव्हता.

३. घराण्यांचा पुरावा

घराण्यांच्या बाजूने होणारे काम अधिक संथ आणि अधिक उपेक्षित होते. ओमाहा येथील हेन्री लिंच यांनी १९६० नंतरच्या वर्षांत कर्करोगी घराण्यांच्या विस्तृत वंशावळी जमविल्या, व त्यांतील काहींत स्तन आणि बीजांडकोश यांचे कर्करोग जोडीने येतात हे निदर्शनास आणले. तथापि स्तनाचा कर्करोग इतका सामान्य आहे की, एका घरातील चारपाच स्त्रियांस तो होणे हा केवळ योगायोग असू शकतो, किंवा आहारविहाराच्या समान सवयींचा तो परिणाम असू शकतो, असा आक्षेप घेतला जाई. आक्षेप गैरवाजवी नव्हता. एकाच जनुकामुळे इतका सामान्य आणि गुंतागुंतीचा रोग उद्भवतो, असे मानण्यास त्या वेळी सबळ आधार नव्हता.

बर्कली येथील मेरी-क्लेअर किंग यांनी हा आधार मिळविण्यासाठी सुमारे सतरा वर्षे खर्ची घातली. प्रथम त्यांनी संख्याशास्त्राच्या साहाय्याने असे दाखविले की, घराण्यांतील रोगाची वाटणी एका प्रभावी जनुकाच्या कल्पनेशी जुळते. त्यानंतर गुणसूत्रांवरील खुणांशी रोगाची सांगड घालण्याचे काम सुरू झाले. २३ घराणी व त्यांतील १४६ रुग्ण यांच्या अभ्यासात सर्व घराणी एकत्र घेतली असता चित्र अस्पष्ट राही. परंतु ज्या घराण्यांत रोग तरुण वयात उद्भवला होता ती घराणी वेगळी काढताच १७ व्या गुणसूत्रावरील एक विशिष्ट भाग ठळकपणे पुढे आला. १९९० च्या डिसेंबरमध्ये हा निष्कर्ष ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी लिंच यांच्या घराण्यांत, बीजांडकोशाच्या कर्करोगासह, त्यास दुजोरा मिळाला.

येथून प्रत्यक्ष जनुक शोधण्याची चुरस सुरू झाली. १९९४ मध्ये यूटामधील मार्क स्कोल्निक यांच्या गटाने बीआरसीए-१ हे जनुक हस्तगत केले. त्याच वर्षी मायकेल स्ट्रॅटन यांच्या ब्रिटिश गटाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका जनुकाची जागा १३ व्या गुणसूत्रावर निश्चित केली, आणि १९९५ च्या अखेरीस ते जनुकही ओळखले गेले. त्यास बीआरसीए-२ असे नाव मिळाले. ह्या जनुकांमधील दोषाने किती धोका संभवतो याचा अंदाज पुढे अनेकांनी केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांत ७२ टक्के, तर बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांत ६९ टक्के आहे. बीजांडकोशाच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे ४४ व १७ टक्के आहेत.

जनुके सापडली, पण त्यांचे कार्य कळेना. बीआरसीए-१ पासून बनणारे प्रथिन १८६३ ॲमिनो अम्लांचे, तर बीआरसीए-२ पासून बनणारे ३४१८ ॲमिनो अम्लांचे. सामान्य प्रथिनांच्या मानाने दोन्ही प्रचंड आहेत. पहिल्याच्या एका टोकास जस्त धरून ठेवणारा परिचित आकृतिबंध होता. दुसऱ्याचे तोवर ज्ञात असलेल्या कोणत्याही प्रथिनाशी साम्य दिसेना. फक्त त्याच्या मध्यभागी सुमारे ३५ ॲमिनो अम्लांचा एक छोटा क्रम थोड्याफार फरकाने आठ वेळा आलेला होता. शिवाय घराण्यात दोष नसलेल्या सामान्य रुग्णांच्या अर्बुदांत बीआरसीए-१ क्वचितच बिघडलेले आढळे. ह्या जनुकाने स्तनाच्या कर्करोगाचा सगळाच उलगडा होईल असे ज्यांना वाटले होते, त्यांची निराशा झाली.

४. १९९७ : दोन प्रवाहांचा संगम

प्रथिनाचा क्रम मुका राहिला, तेव्हा त्याची संगत तपासण्याचा मार्ग उरला. त्यासाठी लागणारे साधन काही वर्षांपूर्वीच तयार झाले होते. १९८९ मध्ये स्टॅन्ली फील्ड्स व ओक-क्यू साँग यांनी यीस्टवर आधारलेली एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. यीस्टमधील एक जनुक चालू करणाऱ्या प्रथिनाचे दोन भाग असतात. एक डीएनएला धरतो, दुसरा जनुकास चालना देतो. हे भाग वेगळे केले की जनुक बंद राहते. आता एका भागास परीक्षणाचे प्रथिन जोडावे आणि दुसऱ्यास अनेक अज्ञात प्रथिने एकेक करून जोडावीत. ज्या अज्ञात प्रथिनाने परीक्षणाच्या प्रथिनास धरले असेल, त्याच्या योगाने दोन्ही भाग जवळ येतात, जनुक पुन्हा चालू होते आणि यीस्टची वसाहत निळी दिसते. प्रथिनांचे परस्परसंबंध शोधणे हे पूर्वी निष्णात रसायनज्ञाचे काम होते. ह्या युक्तीने ते सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यात आले.

१९९७ च्या जानेवारीत बॉस्टन येथील राल्फ स्कली, डेव्हिड लिव्हिंग्स्टन व त्यांचे सहकारी यांनी बीआरसीए-१ आणि रॅड-५१ ही पेशीच्या केंद्रकात एकाच ठिकाणी, ठिपक्यांच्या रूपाने, आढळतात असे दाखविले. पेशी डीएनएची नक्कल करीत असताना हे ठिपके दिसत. डीएनएला इजा केल्यास ते विखुरत व नक्कल चालू असलेल्या जागी पुन्हा गोळा होत, हे त्यांच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात नमूद आहे. बीआरसीए-२ विषयीचा पुरावा त्याहून थेट होता. श्याम शरण, ॲलन ब्रॅडली व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर सांगितलेल्या यीस्टच्या पद्धतीने उंदराच्या बीआरसीए-२ चा साथीदार शोधला, आणि तो रॅड-५१ निघाला. त्यांनी बीआरसीए-२ नष्ट केलेले उंदराचे गर्भही तपासले. ते गर्भ लवकर मरत, आणि किरणांनी त्यांस होणारी हानी विलक्षण तीव्र असे. रॅड-५१ नसलेल्या गर्भांचे हेच लक्षण आदल्या वर्षी नोंदविले गेले होते. त्याच वर्षी आणखी एका गटाने बीआरसीए-२ मधील ते पुनरावृत्त छोटे क्रम रॅड-५१ ला धरतात हे सिद्ध केले.

जंतूंच्या अभ्यासातून आलेले रॅड-५१ आणि घराण्यांच्या वंशावळीतून आलेले बीआरसीए-२ अशा प्रकारे एकमेकांशी जोडलेले निघाले. ह्या शोधाचे मोल असे की, दोन्ही बाजूंस आधीच साठलेले ज्ञान एकमेकांच्या उपयोगी पडू लागले. रॅड-५१ चे कार्य ठाऊक होते, म्हणून बीआरसीए-२ चे कार्य तर्काने ओळखता आले. बीआरसीए-२ चा रोगाशी संबंध ठाऊक होता, म्हणून रॅड-५१ चे काम मानवी जीवनात किती निर्णायक आहे हे कळले.

५. संबंधाचे स्वरूप

डीएनएचे दोन्ही पेड एकाच ठिकाणी तुटणे ही पेशीवरची सर्वांत गंभीर इजा होय. ती दोन प्रकारांनी भरून निघते. तुटलेली टोके सरळ एकमेकांस चिकटविणे हा एक प्रकार. डीएनएची नक्कल होऊन तयार झालेल्या जुळ्या प्रतीवरून हरवलेला मजकूर उतरवून घेणे हा दुसरा. पोथीचे पान फाटले असता दुसरी प्रत समोर ठेवून ते लिहून काढावे तसा हा दुसरा प्रकार आहे. दुसरी प्रत न पाहता फाटक्या कडा नुसत्या चिकटविल्या तर मधली अक्षरे गळतात, आणि क्वचित भलतीच पाने एकमेकांस जोडली जातात. बीआरसीए-२ बिघडलेल्या उंदरांच्या पेशींत गुणसूत्रांचे असेच तुटलेले व भलतीकडे जुळलेले तुकडे केंब्रिज येथील अशोक वेंकटरामन यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखविले. न्यूयॉर्क येथील मारिया जेसिन, मेरी एलन मॉयनाहॅन व सहकारी यांनी प्रत पाहून होणारी दुरुस्ती मोजण्याची पद्धत बसविली, आणि ती बीआरसीए-१ वाचून (१९९९) तसेच बीआरसीए-२ वाचून (२००१) मंदावते हे सिद्ध केले.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने घडते हे हळूहळू स्पष्ट झाले. भंगाच्या दोन्ही बाजूंस एकेक पेड कुरतडला जाऊन एकपेडी शेपूट उघडे पडते. त्यावर संरक्षक प्रथिनाचे आवरण चढते. हे आवरण दूर सारून त्या जागी रॅड-५१ च्या रेणूंची सलग ओळ बसली पाहिजे, कारण जुळ्या प्रतीतील योग्य जागा शोधण्याचे काम ह्या ओळीचे आहे. परंतु रॅड-५१ चे रेणू आपापसांतही बिलगतात आणि अखंड दुपेडी डीएनएवरही बसतात. त्यांस योग्य वेळी योग्य ठिकाणी आणून सोडणारा कोणी तरी हवा. बीआरसीए-२ ची भूमिका ती आहे.

ही भूमिका अणूंच्या पातळीवर कशी वठते, ते २००२ मध्ये केंब्रिज येथील ल्यूका पेलेग्रिनी, टॉम ब्लंडेल, वेंकटरामन व सहकारी यांनी स्फटिकाच्या अभ्यासाने उलगडले. बीआरसीए-२ मधील चौथ्या पुनरावृत्त क्रमाने रॅड-५१ ला धरलेले असतानाचे चित्र त्यांना मिळाले. त्यात असे दिसले की, त्या क्रमातील फेनिलॲलॅनिन व ॲलॅनिन ही दोन ॲमिनो अम्ले रॅड-५१ वरील दोन लहान खळग्यांत बसतात. रॅड-५१ चा एक रेणू शेजारच्या रेणूस धरताना नेमकी हीच जोडी वापरतो. बीआरसीए-२ ने शेजाऱ्याचा हात हुबेहूब उचललेला आहे, आणि त्यामुळेच ते रॅड-५१ च्या रेणूंस एकमेकांपासून वेगळे करून स्वतःजवळ राखू शकते. संबंध जुळतो तो अशा दोनचार अणुगटांच्या आधारावर. आणि तेवढा आधार गेला तर ३४१८ ॲमिनो अम्लांचे उरलेले सर्व बांधकाम त्या ठिकाणी निरुपयोगी ठरते.

बीआरसीए-२ चे शेपटाकडील टोक मात्र निराळ्या रीतीने वागते. ते रॅड-५१ च्या सुट्या रेणूंस न धरता त्यांच्या जुळलेल्या ओळीस धरते, आणि पेशी विभाजनाकडे वळली की त्या टोकावर फॉस्फेट बसून हा संबंध सुटतो, असे २००५ मध्ये फुमिको एसाशी, स्टीफन वेस्ट व सहकारी यांनी दाखविले. म्हणजे संबंध जुळणे जितके आवश्यक तितकेच तो वेळेवर सुटणेही आवश्यक आहे. संपूर्ण बीआरसीए-२ शुद्ध स्वरूपात मिळविणे त्याच्या आकारामुळे फार कठीण होते. २०१० मध्ये तीन प्रयोगशाळांना ते साधले, आणि एक रेणू रॅड-५१ चे सुमारे सहा रेणू वाहून नेतो व त्यांस एकपेडी डीएनएवर बसवितो हे परीक्षानळीत प्रत्यक्ष दिसले.

दरम्यान बीआरसीए-१ व बीआरसीए-२ यांचा आपसांतील दुवाही सापडला. लिव्हिंग्स्टन यांच्याच प्रयोगशाळेत २००६ मध्ये बिंग शिया व सहकारी यांनी बीआरसीए-२ चा एक नवा साथीदार ओळखला व त्यास पीएएलबी-२ असे नाव दिले. २००९ मध्ये असे निष्पन्न झाले की, ह्या साथीदाराचे एक टोक बीआरसीए-१ ला आणि दुसरे बीआरसीए-२ ला धरते. रुग्णांत आढळलेले काही बारीक बदल असे निघाले की, त्यांत प्रथिन पूर्ण लांबीचे बनते, फक्त पीएएलबी-२ ला धरण्याची जागा बिघडते. आणि तेवढ्यानेच दुरुस्ती खुंटते. पीएएलबी-२ मधील दोषही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवितात, हे २००७ मध्येच दिसून आले होते. साखळीतील कोणतीही कडी तुटली तरी परिणाम बहुधा एकाच जातीचा होतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

६. उणिवेचा उपयोग

जी उणीव कर्करोगास कारण होते, तीच कर्कपेशीचे मर्मस्थान ठरू शकते, हा विचार आनुवंशिकीत फार जुन्या मुळांपासून वाढलेला आहे. कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९२२ मध्ये फळमाशीत असे पाहिले होते की, काही दोन दोष वेगवेगळे असताना माशी जगते, पण एकत्र आल्यास मरते. १९४६ मध्ये थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी ह्या प्रकारास जे नाव दिले, त्याचा आशय मराठीत ‘संयुक्त मारकता’ ह्या शब्दाने व्यक्त करता येईल. ह्या तत्त्वावर कर्करोगाची औषधे शोधावीत, अशी सूचना लीलंड हार्टवेल व सहकारी यांनी १९९७ मध्ये केली.

बीआरसीए जनुकांच्या बाबतीत दुसरा दोष पुरविणारे प्रथिन पीएआरपी हे ठरले. ह्या प्रथिनाच्या क्रियेचा पहिला मागोवा १९६३ मध्ये स्ट्रासबूर्ग येथे पिएर शाँबाँ व सहकारी यांना कोंबडीच्या यकृताच्या केंद्रकांत लागला होता. १९८० मध्ये ससेक्स येथील सिडनी शॉल यांच्या गटाने त्याचा दुरुस्तीशी संबंध जोडला. डीएनएचा एक पेड तुटला की पीएआरपी तेथे धावून जाते, लांब साखळ्या विणते आणि त्या साखळ्यांच्या आधाराने दुरुस्तीची इतर प्रथिने तेथे जमतात.

१९ व्या शतकापासून चालत आलेल्या प्रश्नास अनपेक्षित वळण देणारे दोन निबंध २००५ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात लागोपाठ छापले गेले. एक शेफील्ड येथील थॉमस हेलडे यांच्या गटाचा, दुसरा लंडन येथील ॲलन ॲशवर्थ यांच्या गटाचा होता. पीएआरपीची क्रिया थांबविली असता सामान्य पेशींचे फारसे बिघडत नाही, पण बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ नसलेल्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात, असा दोहोंचा निष्कर्ष होता. दोष वारशाने आलेल्या स्त्रीच्या निरोगी पेशींत जनुकाची एक चांगली प्रत शिल्लक असते. अर्बुदात तीही गेलेली असते. त्यामुळे औषधाचा घाव मुख्यतः अर्बुदावर बसावा, अशी अपेक्षा होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत ६० रुग्णांस ओलापरिब हे औषध देण्यात आले, आणि अर्बुद आटोक्यात येण्याचा निश्चित परिणाम फक्त बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांतच दिसला. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत व युरोपात बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी हे औषध संमत झाले.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. औषध लागू पडले, पण ते का लागू पडते याचे २००५ मधील स्पष्टीकरण पुढे अपुरे ठरले. पीएआरपीचे काम थांबल्याने एकपेडी भंग साठतात व त्यांचे दुपेडी भंग होतात, असे प्रथम मानले गेले. २०१२ मध्ये जुंको मुराई, ईव्ह पॉमिए व सहकारी यांनी असे दाखविले की, निरोधकामुळे पीएआरपी डीएनएवरच अडकून पडते, आणि हा अडकलेला जोड प्रथिनाच्या अभावापेक्षा अधिक घातक असतो. प्रथिन नसणे आणि प्रथिनाने धरलेली पकड न सुटणे यांतील हा भेद, बीआरसीए-२ च्या शेपटाकडील टोकाविषयी वर जे सांगितले त्याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे.

७. कर्कपेशीचे प्रत्युत्तर

नव्या औषधाने अनेक रुग्णांस लाभ झाला, तरी बऱ्याच जणींत काही काळाने रोग उलटला. त्याची कारणे शोधताना पुन्हा प्रथिनांच्या संबंधांकडेच लक्ष गेले. २००८ मध्ये दोन गटांनी असे दाखविले की, औषधास न जुमानणाऱ्या पेशींत बीआरसीए-२ चे जनुक दुसऱ्यांदा बदललेले असते. पहिल्या दोषाने वाचनाची चौकट मोडलेली होती; दुसऱ्या बदलाने ती पुन्हा जुळून आली. नव्या प्रथिनातून मधला बराच भाग गळालेला असला, तरी आवश्यक साथीदारांस धरण्यापुरते भाग शिल्लक होते, आणि पेशीस तेवढे पुरेसे झाले.

दुसरे कारण अधिक विचारप्रवर्तक आहे. ५३-बीपी-१ हे प्रथिन १९९४ मध्ये फील्ड्स यांच्याच गटाने, पी-५३ ह्या सुप्रसिद्ध प्रथिनाचा साथीदार म्हणून, यीस्टच्या पद्धतीने शोधले होते. ते भंगाच्या टोकांचे कुरतडण्यापासून रक्षण करते असे पुढे आढळले. २०१० मध्ये दोन प्रयोगशाळांनी असे दाखविले की, बीआरसीए-१ नसलेल्या पेशीतून ५३-बीपी-१ ही गेले, तर प्रत पाहून होणारी दुरुस्ती बऱ्याच अंशी परत सुरू होते. एकाचा अभाव दुसऱ्याच्या अभावाने भरून निघतो, ही गोष्ट एकट्या प्रथिनाचा विचार करून कधीच कळली नसती. ५३-बीपी-१ च्या हाताखाली काम करणारा ‘शील्डिन’ नावाचा प्रथिनसमूह २०१८ मध्ये उजेडात आला. त्यातील घटक गेल्यासही बीआरसीए-१ नसलेल्या पेशी औषधास दाद देत नाहीत.

८. उपसंहार

ह्या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, दुरुस्ती हा कोणत्याही एका प्रथिनाचा गुण नसून अनेकांच्या ठरावीक क्रमाने जुळणाऱ्या व सुटणाऱ्या संबंधांचा तो परिणाम आहे. बीआरसीए-२ चे कार्य कळण्यास रॅड-५१ लागले. दोहोंचे बीआरसीए-१ शी असलेले नाते कळण्यास पीएएलबी-२ लागले. आणि बीआरसीए-१ च्या अभावाचा खरा अर्थ ५३-बीपी-१ च्या अभावाने कळला. दुसरा निष्कर्ष संशोधनाच्या पद्धतीविषयी आहे. प्रकाशाने जिवंत होणारे सूक्ष्मजीव, कोंबडीचे यकृत, यीस्टच्या निळ्या वसाहती यांवर काम करणाऱ्यांपैकी फार थोड्यांचा हेतू कर्करोग हा होता. उलट वंशावळी जमविणाऱ्यांना रॅड-५१ चे नावही ठाऊक नव्हते. दोहोंपैकी एकही प्रवाह आटला असता तर ही भेट झाली नसती.

प्रश्न मात्र संपलेला नाही. बीआरसीए जनुकांची तपासणी केल्यावर आजही अनेक स्त्रियांच्या हाती असा अहवाल पडतो की, बदल आढळला, पण तो घातक आहे किंवा नाही हे निश्चित सांगता येत नाही. असा अहवाल मिळालेल्या स्त्रीस बीजांडकोश काढून टाकावा किंवा नाही, लेकीची तपासणी करावी किंवा नाही, हे निर्णय त्या अनिश्चिततेतच घ्यावे लागतात. एखाद्या बदलाने प्रथिनाची रॅड-५१ ला किंवा पीएएलबी-२ ला धरण्याची शक्ती जाते काय, हे प्रयोगशाळेत तपासून अशा अहवालांचा अर्थ एकेक करून लावण्याचे काम चालू आहे. ब्रोकांनी वंशावळीत जे नुसते नोंदविले, त्याचा अर्थ घराण्यातील प्रत्येक स्त्रीपुरता स्पष्ट करून देणे, हे ह्या संशोधनाचे उरलेले कार्य होय.